दहा फुटी मालकीण

लुझविमिंडाच्या बापाने नाव ठेवताना कंजुषी केली नाही. लुझॉन, विसायस, मिंडानाओ. अख्खा फिलिपिन्स त्याने एका तान्ह्या पोरीच्या नावात कोंबला. तेवढा देश अंगावर घेऊन ती सिंगापूरला आली आणि पासिर रिसच्या एका फ्लॅटमध्ये साताऱ्याच्या म्हातारीचं अंग पुसू लागली.

म्हातारी म्हणजे मनोहर सरांची आई. ती अंथरुणाला खिळली होती. जीभ खिळली नव्हती. लुझ मराठी शिकली ती तिच्याकडून, त्यामुळे तिचं मराठी नव्वदीच्या बाईचं आहे, तेही चिडलेल्या. बस उशिरा आली की ती स्टॉपवर म्हणते, "मेल्याचा मुडदा बशिवला." शेजारचे चिनी आजोबा समजल्यासारखी मान डोलावतात.

म्हातारी गेली. लुझ सुनेपेक्षा, म्हणजे विमल मॅमपेक्षा, जास्त रडली. ते मॅमना फारसं आवडलं नाही.

घरात उरली दोन माणसं. मनोहर सर जुरोंग आयलंडच्या रिफायनरीत होते. कंपनीच्या बसमध्ये झोपून जायचे, झोपून यायचे आणि दमल्यामुळे टीव्हीपुढे झोपायचे. विमल मॅम मात्र टक्क जाग्या. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या. दोन्ही हात कमरेवर, चष्मा साखळीला, आणि एकच प्रश्न: "हे काय?" तो प्रश्न कढईला असे, फडक्याला असे, कधी नुसताच असे.

अलीकडे त्या बहिणीला फोनवर सांगू लागल्या होत्या, "दोघांना बाई लागते कशाला? डिसेंबरात हिचं परमिट संपतंय. बघू." लुझ भाजी चिरत ऐकायची. आजींच्या कृपेने तिला 'बघू'चा अर्थ चांगला माहीत होता.

घरी परतायला तिची ना नव्हती. घराला छप्पर होतं, मुलगी नर्स झाली होती. अडचण होती ती रविवारची. लुझचं गाव आंगोनो. तिथे जत्रेत कागदाच्या लगद्याचे दहा दहा फुटी राक्षस नाचवतात. असं सांगतात, की स्पॅनिश जमीनदारांच्या काळात गावकऱ्यांना मालकाला तोंडावर काही बोलता येईना. मग त्यांनी मालकाचंच डोकं केलं, मोठ्ठं, आणि त्याचे हात कमरेवर ठेवले. मालक शेतावर तसाच उभा राहायचा. लुझच्या घराण्यात ही डोकी तिचे काका करायचे. बायकांनी खळ शिजवायची. लुझने पंचवीस वर्षं खळ शिजवली. पहिलं डोकं तिने केलं ते सिंगापुरात, 'पापेल'मध्ये.

पापेल म्हणजे कागद. गेलांगमध्ये सायकलच्या दुकानावर एक खोली आहे, तिला हे नाव. फिलिपिनो चित्रकार, घरकाम करणाऱ्या बाया, जहाजबांधणीतले वेल्डर, असे सगळे रविवारी तिथे जमतात. चालवतो बेनहुर नावाचा चित्रकार. दाढी विरळ, आशा दाट. संस्था ना नफा तत्त्वावर आहे, आणि हे तत्त्व तिने कधी मोडलेलं नाही. अनुदानाच्या प्रत्येक अर्जात बेनहुर 'सेतू' हा शब्द घालतो. दोन समाजांमध्ये त्याने बरेच सेतू बांधले. जिन्याची तिसरी पायरी अजून मोडकी आहे.

पापेलची एक स्वयंसेविका म्हणजे पुण्याची ऋता. ती राहते विमल मॅमच्याच इमारतीत. नवरा विद्यापीठात संशोधन करतो, हिने साहित्यात एम.ए. केलंय, म्हणजे हिच्याकडे वेळच वेळ. ती लुझला 'आते' म्हणते. आते म्हणजे त्यांच्याकडची ताई. ऋता कागद फाडायची, लुझ ते मातीच्या साच्यावर चढवायची. कागद होते विमल मॅमचे रद्दीतले दिवाळी अंक. थरावर थर चढत गेले. गाल आले, हनुवटी आली, हनुवटीवर तीळ आला. चष्मा आला, साखळीसकट.

"आते," ऋता म्हणाली, "ही तर विमलकाकू."

"सगळ्या मॅम सारख्याच दिसतात," लुझ म्हणाली.

"तीळसुद्धा?"

"कागद फाड, मेले."

पापेलच्या राक्षसांची मिरवणूक एका कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये होती. पापेलमध्ये पहिली रांग मालकांसाठी असते. खुर्ची पुढची मिळाली की माणूस रविवारची सुट्टी देताना कुरकुरत नाही, असा बेनहुरचा अनुभव. आपल्या मालकांना बोलवायचं की नाही ते ज्याचं तो ठरवी. लुझने विमल मॅमना अर्थातच बोलावलं नव्हतं.

आदल्या दिवशी ऋताचा फोन आला. आवाज पातळ झालेला.

"आते, गडबड झाली. काकू लिफ्टमध्ये भेटल्या. काय चाललंय म्हणाल्या. मी म्हटलं, उद्या कार्यक्रम आहे, या ना."

"मग?"

"मग काय? 'या ना' म्हणतातच. समोरच्याने 'बघू' म्हणायचं असतं आणि यायचं नसतं. काकू म्हणाल्या, किती वाजता?"

लुझने डोळे मिटले. आजींचा संपूर्ण शब्दसंग्रह तिच्या ओठांवर आला. त्यातला निम्मा तिने वापरला.

रविवारी विमल मॅम आल्या. मोतिया रंगाची साडी, बेसनलाडवांचा डबा, आणि सर. बेनहुरने त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. राक्षसांच्या डोक्यांना लागतील म्हणून पंखे बंद केले होते. हॉलमध्ये दोनशे माणसं घाम पुसत होती. लुझइतका घाम कुणालाच आला नव्हता.

डोकं लपवायचा बेत तिने करून पाहिला होता. पण दहा फुटी बाई लपवायची कुठे? आत शिरून तिला नाचवणारा वेल्डर रोडेल म्हणाला, "मी महिनाभर पाठ तयार केलीय. आता नाही म्हणू नकोस."

राक्षसांत आधी एजंट आला, मोठ्ठा तळहात पसरून. मग कानाला फोन लावलेला मुकादम. मग दारातून वाकून मालकीण आत आली, सरळ उभी राहिली, आणि हॉलमधल्या बाया किंचाळत हसल्या. प्रत्येकीला आपापली मॅम दिसली. हिरवं पातळ, डोळ्यांवर चष्मा, हात कमरेवर. रोडेलने ठुमकत एक फेरी मारली आणि परंपरेप्रमाणे तो पहिल्या रांगेपुढे थांबला. मधोमध.

लुझ पडद्यामागे होती. ऋता तिच्या शेजारी, तोंडावर हात ठेवून.

विमल मॅमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हशा हळूहळू विरला. मागच्या बायकांना काहीतरी कळलं असावं.

मग त्या उठल्या. चपला काढल्या. पुढे गेल्या, वाकल्या, आणि त्या हिरव्या पातळाच्या काठाला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला.

"आमची रखुमाई," त्या बेनहुरला इंग्रजीत म्हणाल्या. "ती अशीच उभी असते. हात कमरेवर. तुमच्याकडेही आहे हे माहीत नव्हतं."

बेनहुरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला सेतू दिसला, आयता बांधलेला. त्याने सगळ्यांना दर्शनाला बोलावलं. रांग लागली. बाया ओठ चावत मालकिणीच्या पाया पडू लागल्या. काहींनी क्रूसाची खूण केली. उगाच कशाला धोका घ्या. आत घामाने निथळणारा रोडेल पुटपुटत होता, "मी अजून किती वेळ देवी आहे?"

मनोहर सर पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले. ऋता त्यांच्या मागोमाग गेली, तेव्हा ते भिंतीला कपाळ टेकून उभे होते. खांदे गदगदत होते. झोपेशिवाय दुसरं काही करताना तिने त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

घरी आल्यावर विमल मॅमनी चहा स्वतः टाकला. लुझने मनात बॅग भरायला घेतली.

"बस," मॅम म्हणाल्या. लुझ बसली.

"रखुमाईला चष्मा नसतो, लुझ."

लुझने कपाकडे पाहिलं. "हो, मॅम."

"तीळही नसतो."

"हो."

"सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

लुझने विचार केला. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "म्हणाल्या असत्या, नाक अजून मोठं पाहिजे होतं."

मॅमच्या तोंडातला चहा नाकात गेला. खोकला थांबेपर्यंत लुझ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"भर सभेत मी दुसरं काय करणार होते?" मॅम पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "रडले असते तर हसल्या असत्या. ओरडले असते तर जास्त हसल्या असत्या. म्हटलं, पाया पडावं. स्वतःच्याच पाया पडायला कितीजणींना मिळतं?"

"सॉरी, मॅम."

"सॉरी राहू दे. माझी मान एवढी आखूड आहे का?"

"मान लांब केली की डोकं डुलतं, आतल्या माणसाला पेलत नाही. म्हणून."

मॅमना हे पटलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "डिसेंबरातलं परमिट मी रिन्यू करते. पण पुढच्या वर्षी ह्यांचं डोकं करायचं. डोळे मिटलेलं. हातात रिमोट."

"मी ऐकतोय," बाहेरच्या खोलीतून सरांचा आवाज आला.

"मग जागे कसे?" मॅम उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ओट्याकडे बघत उभ्या राहिल्या. "हे काय?"

हात सवयीने कमरेवर गेले होते. लुझने ते पाहिलं. तिने पाहिलं हे मॅमनी पाहिलं. क्षणभर ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचेना.

मग त्यांनी ते तिथेच राहू दिले.