शेवटचा भाग आधी नाही

सांडोरच्या आमच्या घरात सामुराईचे सिनेमे आणले मी, पण ते क्रमानंच बघायचे हा हट्ट आईचा. माणिकपूरच्या सीडी लायब्ररीत त्या मालिकेची रांगच्या रांग धूळ खात पडली होती. पहिल्यांदा मी मधलाच कुठलातरी भाग उचलून आणला. आई अंगणात सुकेळी करायला सोललेली केळी उन्हात उलटत होती.

"याच्या आधी काय झालं?"

मला काय ठाऊक!

"मग परत देऊन ये. केळ्याला पहिलं ऊन न दाखवता चौथं दाखवतात काय?"

तेव्हापासून रविवारी जेवणं आटपली की आम्ही दोघी टीव्हीपुढे. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती मी मराठीत मोठ्यानं सांगायची. घर सोडून गेलेला एक तलवारबाज दर भागात घराकडे निघायचा आणि दर भागात कोणीतरी त्याला अडवायचं. तलवारी गेल्या चुलीत, आईला एकच घोर, हा घरी पोचनार कधी? तिथले लोक चपला बाहेर काढून घरात शिरतात, हे तिला फार आवडायचं. "मानसं चांगली आहेत," म्हणायची.

दादा हसायचा. "या वयात काय हे मारामारीचं वेड!"

"तू क्रिकेट बघतोस ती काय पोथी?" आई ऐकून घेणाऱ्यातली नव्हतीच.

मग तिचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. संध्याकाळी दादा शेवटच्या भागाची सीडी घेऊनच आला. "मधले राहू देत. शेवट तरी बघू दे तिला." त्याचा जीव तुटत होता, मला कळत होतं.

आईनं खाटेवरूनच फटकारलं. "का रे, मला घालवायची घाई झाली? तो बिचारा कुठं कुठं भटकला ते न बघता घरी कसा पोचवू त्याला?"

आणि बघत राहिली, उशीला टेकून. डोळे मिटले तरी म्हणायची, "वाच, ऐकते मी." एकच भाग राहिला आणि ती गेली.

सुतकात टीव्ही लावत नाहीत. आत्यानं, बाबांच्या मोठ्या बहिणीनं, पहिल्याच दिवशी त्यावर चादर टाकली. रविवार आला. जेवणं आटपली. दादानं आणलेली सीडी टीव्हीखालीच पडली होती. मी चादर ओढून काढली.

"अगं, लाज आहे का? लोक काय म्हनतील?" आत्या दारातूनच ओरडली.

"म्हणू देत! तिचं राहिलंय ते मी पुरं करणार. बघू कोण अडवतं!"

दादा आत येऊन बसला. मी आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचत सुटले. मध्ये कुठंच थांबले नाही.

तो पोचला. दाराबाहेर त्यानं गवताच्या चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि आत गेला.

"पोचला गं आई," मी म्हटलं, आणि रडले एकदाची.

आत्या अजून दारातच उभी होती. तिथूनच म्हणाली, "त्याची आई होती काय गं घरात?"

"असं मधूनच नाही सांगणार. पहिल्यापासून बघ."

ती पुटपुटत चटईवर बसली. चादरीची घडी मांडीवर ठेवली.

"जा मग. पहिला भाग आन."