चौऱ्यावरचं नाव

रायपूरला मी एक 'नाही' म्हणायला गेले होते. पिशवीत दोन लुगडी, एक चादर, औषधं आणि तो एक शब्द. एवढं हलकं सामान असूनही प्रवास जड गेला.

माझा मित्र गेल्या हिवाळ्यात तिथं वारला. आम्ही दोघंही अराजकवादी. हा शब्द उच्चारला की लोकांना जाळपोळ आठवते. आमचा अर्थ साधा आहे: कुणी कुणावर हुकूम चालवू नये आणि जे करायचं ते सगळ्यांनी बसून ठरवावं. त्यासाठी आम्ही जन्मभर गावोगाव हिंडलो, पडीक जागेत भाजीपाला लावला, लोक आपापसात बोलू लागले की पुढच्या गावाची वाट धरली. मी अजून हिंडतेच आहे. तो मात्र रायपूरला थांबला तो थांबलाच. शेवटच्या आजारात फोनवर म्हणाला, "माझ्या नावाचा दगड कुठं उभा राहू देऊ नकोस. बाकी काही मागणं नाही." आणि महिन्याभरापूर्वी निरोप आला, की अक्तीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी त्याच्या नावाची दगडी पाटी लावलेला चौरा (छोटा ओटा) बांधायचं ठरतंय, तुम्ही या.

गाडी सकाळी पोचली. स्टेशनच्या गुढियारीकडच्या दारातून बाहेर पडलं की लगेच मालाची पोती, हातगाड्या आणि हमालांची ओरड सुरू होते. निरोप पाठवणाऱ्या वनिताबाई न्यायला आल्या होत्या. सासरे रेल्वेत होते, तेव्हापासून हे घराणं नागपूरहून इथं आलेलं. माझा मित्र त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचा. त्या त्याला दादा म्हणत. गुढियारीतल्या घरी त्यांनी पुढ्यात बासी (रात्रभर पाण्यात ठेवलेला भात), कांदा आणि अमारीची (आपल्या अंबाडीची) भाजी ठेवली. त्यांची मुलगी माझं मराठी नीट ऐकून घेई आणि उत्तर हिंदीत देई. पाटी करायला टाकली आहे, हे वनिताबाईंनी मोठ्या हौसेनं सांगितलं. मी खाली मान घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी अक्ती. आम्ही दोघी नव्या रायपूरच्या बसनं निघालो. राजधानीसाठी आखलेलं ते शहर मी पहिल्यांदाच पाहत होते. रस्ते एवढे रुंद की पलीकडे जाताना माणसाला आपण काही गुन्हा करतोय असं वाटावं. चौक सगळे एकसारखे. वनिताबाईसुद्धा फसल्या आणि आम्ही दोन थांबे आधीच उतरलो. सावली नाही, विचारायला माणूस नाही. त्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उरलेली वाट मी फरफटत चालले आणि मनातल्या मनात शहर आखणाऱ्यांना शिव्या दिल्या.

मग एका वळणाआड जुनं गाव दिसलं. तळं, कौलं, आणि कडेला माझ्या मित्राची बाडी (भाजीची बाग). खरं तर त्याची नव्हेच, कुणाचीच नव्हे. गावातली काही घरं आणि गुढियारीतली काही मिळून ती पिकवतात. दोडके मांडवावरून लोंबत होते आणि भाज्यांचे वाफे ओले होते. तो गेल्यावरही कुणीतरी रोज पाणी देत होतं. मला तिथंच रडू आलं आणि मी रडले.

अक्तीचा रिवाज असा: प्रत्येक घर आपल्या धानाचं बियाणं पळसाच्या द्रोणात घालून ठाकुरदेवापाशी (गावदेवापाशी) आणतं. बैगा (गावचा पुजारी) ते सगळं एकत्र मिसळतो, थोडं पेरल्यासारखं करतो आणि उरलेलं मूठमूठ सगळ्यांना वाटतो. एकदा मिसळलं की कुणाचं कुठलं ते कळत नाही. आम्ही आयुष्यभर जे सांगत फिरलो ते ही माणसं कधीपासून करत आली होती. बुधराम नावाच्या म्हाताऱ्यानं दोन द्रोण आणले होते. एक स्वतःचा, दुसरा माझ्या मित्राचा.

बुधराम त्याचा महापरसाद. पुरीच्या जगन्नाथाचा प्रसाद एकमेकांना भरवून दोघं जन्माचे मितान (मानलेले सखे) होतात आणि त्यानंतर एकमेकांचं नाव कधी घेत नाहीत. माझा मित्र पक्का नास्तिक. तरी त्यानं तो भात खाल्ला होता, समोर आलेला हात मागं कसा सारायचा म्हणून.

बियाणं वाटून झाल्यावर सगळे कडुनिंबाखाली बसले. माझ्या मित्रानं लावलेली एकच रीत तिथं चालते: एकानंही नाही म्हटलं तर ते काम होत नाही. पाटीचा विषय निघाला तसा माझा चेहरा उतरलेला पाहून वनिताबाई माझ्याकडे वळल्या.

"ताई, मले एवढंच सांगा. उद्या माह्या नातवानं इचारलं का हे बाडी कोनं उभी केली, तर मी त्याले काय दाखवू?"

माझा 'नाही' तयार होता. पण ज्यांनी त्याचं दुखणं काढलं त्यांना मी, काल आलेली बाई, अडवणार होते. हुकूम याहून वेगळा काय असतो? सगळे माझ्याकडे पाहत होते. मी तोंड उघडणार, तोच बुधराम बोलला.

"महापरसाद के नाँव मैं कभू नइ ले हँव. पथरा म लिखहू त रोज बाँचे ल परही." (महापरसादाचं नाव मी कधी घेतलेलं नाही. दगडावर लिहिलंत तर मला रोज वाचावं लागेल.)

वनिताबाईंचे डोळे भरले, त्या रागानं उठून वाफ्यांकडे गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या आणि म्हणाल्या, ओटा तरी बांधू, नाव नको. बुधरामनं मान डोलावली. त्या रात्री वनिताबाई ओट्याच्या कामासाठी तिथंच थांबणार होत्या, म्हणून मला थांब्यावर सोडायला बुधराम आला.

उन्हं उतरली होती. लांबून बस येताना दिसली. बुधरामनं डोळ्यांवर हात धरून तिच्या कपाळावरच्या पाटीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ये म का लिखाय हे, दीदी?" (यावर काय लिहिलंय?)

मी वाचून दाखवलं: रायपूर रेल्वे स्टेशन. मग त्याच्याकडे पाहतच राहिले. त्याला अक्षर येत नव्हतं.

तो ओशाळून हसला. दगडाबद्दल महापरसादानं त्यालाही सांगून ठेवलं होतं, म्हणाला. मग बस थांबत असताना हळूच बोलला, "तैं त चल देबे, दीदी. मैं इहें रहिहौं. रिसाहीं त मोर बर रिसाहीं." (तू तर निघून जाशील. मी इथंच राहणार. रुसतील तर माझ्यावर रुसतील.)

गाडीत मी मिसळलेल्या धानाचा द्रोण मांडीवर धरून बसले होते. हे पेरायला माझ्याकडे वीतभर जमीन नाही. आम्ही गावोगाव जाऊन लोकांना नाही म्हणायला शिकवलं, पण नाही म्हटल्यावर तिथंच राहावं लागतं, हे माझ्या मित्राला कळलं होतं. मला ते त्या थांब्यावर कळलं. धान ओलं होऊ नये म्हणून मी ते चादरीत गुंडाळून ठेवलं आहे आणि पावसाळ्याआधी परत जाणार आहे, पेरायला आणि मग कापणीपर्यंत राहायला.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल, एवढं लिहूनही मी त्याचं नाव कुठं घातलेलं नाही. वनिताबाईंचा नातू हे वाचील तेव्हा त्यानं बुधरामला विचारावं. तोही सांगणार नाही, पण त्याला बाडीत घेऊन जाईल.