बाई घरी नाहीत

आमच्या समोरच्या काकू दारावर आलेल्या विक्रेत्याला कधी ‘नको’ म्हणत नसत. बेल वाजली की पदर कमरेला खोचायच्या, साखळी न काढता दार किलकिलं करायच्या आणि सांगायच्या, “बाई घरी नाहीत. मी कामाला आहे इथं.” फ्लॅट त्यांचा, दारावरची पाटीही त्यांच्याच नावाची. पण पाणी शुद्ध करायचं यंत्र घेऊन आलेला टायवाला मुलगा काय, विम्याचा माणूस काय, सगळे मुकाट्याने जिना उतरायचे.

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदार आहे, आता मोबाइलवर परवानगी मागणारं ॲपही आलंय. तरी विकणारे वर येतातच. मी आपली दारात उभी राहून सगळं ऐकून घेते आणि शेवटी नको असलेली फिनाइलची बाटली घेऊन बसते. काकू मला हसायच्या. “मालकीण म्हटलं की गळ्यात पडतात गं. कामवालीशी कोण बोलत बसणार?” नारायण पेठ सोडून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, पण जीभ तिथलीच राहिली होती. मला त्या फार आवडायच्या.

त्यांची खरी हौस म्हणजे स्वतःची निंदा. “बाई फार खवट आहेत हो. परत येऊ नका, अंगावर येतील.” एकदा साबण विकणाऱ्या एका मुलीला त्यांची इतकी दया आली, की दुसरीकडे चांगलं काम बघून देते म्हणाली. काकू गोंधळून माझ्याकडे आल्या. “आता काय करू? पोर उद्या परत येणार आहे!” दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला चहा पाजला आणि बाई हल्ली बऱ्याच सुधारल्यात असं सांगून तिची बोळवण केली.

गेल्या वर्षी मी अळूवड्या घेऊन गेले, तर साखळीआडून तेच. “बाई घरी नाहीत.”

“मग बाईंना द्या,” असं म्हणून मी हसत फटीतून ताटली आत सरकवली. त्यांनी ती निमूट घेतली. संध्याकाळी ताटली परत करायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “वड्या जरा जास्तच तळल्यास.” म्हणजे थट्टाच होती. मी निर्धास्त झाले.

काही दिवसांनी पुन्हा तसंच झालं. मी त्यांच्याच सुरात विचारलं, “कधी येतील बाई?”

“सांगून नाही गेल्या.” मग त्यांचा आवाज खाली आला. “सकाळपासून वाट बघतेय. स्वयंपाकाला काय करायचं तेही बोलल्या नाहीत.”

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो. त्याच आठवड्यात त्याचा मला फोन आला. “आई ठीक आहे ना? माझ्याशी तर नेहमीसारखीच बोलते.” काकूंचं एकच मागणं होतं, शेवटपर्यंत याच घरात राहायचं. सांगावं तर ते हातचं जाणार. न सांगावं आणि एखाद्या दिवशी गॅस चालू राहिला तर? थट्टा की खरं, हे माझं मलाच कळत नव्हतं, त्याला काय सांगणार? शेवटी म्हणाले, “एकदा येऊन बघून जा.”

तो आला. त्याच्यासमोर काकू अगदी खणखणीत. डॉक्टरांनाच उलट प्रश्न विचारत होत्या. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही, सुरुवात असू शकेल, पण एकटं ठेवू नका. मुलाने बॅगा भरल्या. ते दोन दिवस काकू माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्या निघाल्या तेव्हा मी खाली गाडीपाशी जाऊन त्यांच्या पाया पडले. इतकी वर्षं मला अगं-तुगं करणाऱ्या काकूंनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “आपण कोण? आपल्याला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं.”

आमच्या पुण्यात दुखावलेलं माणूस असंच बोलतं. एकदम ‘आपण’, एकदम परकं. पण विसरलेलं माणूसही असंच बोलेल. मुलगा डिकीत सामान लावत होता, त्याने ऐकलंच नाही. मी काहीतरी पुटपुटले आणि गाडी गेली.

फोन करायचा धीर मला अजून झालेला नाही. त्या मला खरंच विसरल्या असतील, तर मी योग्य तेच केलं. रागावल्या असतील, तर एका धडधाकट बाईला मी तिच्या घरातून उठवलं. देवाशपथ सांगते, त्या माझ्यावर रागावलेल्याच असू देत.