नवमीला उघडलेला लॅपटॉप

मराठी बोलणं ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं, असं ते घरबसल्या करायचं काम होतं. आठवीत शाळा सुटलेल्या मला जयपुरात येऊन, इथल्या लोकांना येत नाही आणि मला येतं, असं एवढं एकच सापडलं होतं. त्याची चाचणी गुरुवारी सकाळी दहाला. लिंक एकदाच उघडणार. नेट तीनदा तुटलं की बाद.

लॅपटॉप दिला होता खालच्या मजल्यावरच्या नागपूरच्या इंजिनियर भाऊजींनी. जुना, पण लिनक्स घालून चालता केलेला. वर स्वतःच्या वायफायचा पासवर्डही दिला. नवरा आणि मी शास्त्रीनगरला आल्यापासून आमच्यासाठी इतकं कुणी केलं नव्हतं.

दसऱ्यानंतर मात्र नेट मरगळलं. सिग्नलची एकच रेघ दिसायची, तीही जायची. भाऊजींना सांगायला जीव होईना. धर्माच्या गाईचे दात कसे मोजायचे? शेवटी मंगळवारी संध्याकाळी नवऱ्यानंच "जा, विचार" म्हणत मला दाराबाहेर काढलं, तेव्हा लॅपटॉप उराशी धरून खाली गेले.

त्यांच्या खोलीत, राउटरपासून दोन हातांवर, तो छान चालला.

"वहिनी, इथं तर मस्त पळून राहिला ना!"

"वर नाही पळत हो."

"वर जायला जिना लागते त्याला," म्हणून ते स्वतःच हसले. मग पडद्यावर एक काळी चौकट उघडून तिच्यात काहीतरी टाइप केलं. वीज वाचवायला वायफाय मधेमधे झोपतं म्हणे, ती झोप बंद केली. कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. पहिलीनं झोप बंद होते, दुसरीनं सिग्नलचा आकडा दिसतो. "उणे पन्नास म्हणजे राजा. उणे ऐंशी झालं की समजा, संपलं. अडलं तर आवाज द्या."

मी वर आले. उणे चौऱ्याऐंशी. पहिली ओळ पुन्हा घातली, बंद करून चालू केला, खिडकीत ठेवला, मग उंबऱ्यावर. उणे ब्याऐंशी. बुधवारी आवाज द्यायला दोनदा जिना उतरले. दोन्ही वेळा ते आत फोनवर कामाचं बोलत होते. मी तशीच परत आले.

गुरुवारी ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, झालाना भागातल्या ऑफिसात, नवरा आमचा एकुलता फोन घेऊन कामावर. मी भाऊजींच्या कुलूपबंद दाराशी पायरीवर बसले. उणे शहात्तर. कानात एक म्हातारी बोलायला लागली, बोलणं थेट आमच्या सांगलीकडचं. "तवा आमी काय केलं..." आणि गप्प. जोडलं. "तवा आमी..." पुन्हा गप्प. तिसऱ्या वेळी मी श्वाससुद्धा रोखून धरला होता. पडद्यावर आलं, चाचणी संपली आहे.

रविवारी जिन्यात भाऊजींनी विचारलं, "झाली ना परीक्षा?" मला रडू फुटलं. त्यांनी तिथंच लॅपटॉप मागवून घेतला, उलटा केला, स्क्रू काढले.

"वहिनी, हा कोणी खोलला होता?"

माझे वडील शिंपी. शाळा सोडून मी त्यांच्या मशीनवर बसले तेव्हापासूनची सवय: खंडेनवमीला यंत्र खोलायचं, धूळ काढून पुसायचं, मगच हळदकुंकू. इथली धूळ तर रेतीसारखी. लॅपटॉपही तसाच खोलून ब्रशनं झाडला होता. एक काळी, एक पांढरी, अशा दोन बारीक तारा सुटल्या, त्या सुट्या दोऱ्यांसारख्या कडेला खोचून दिल्या. लॅपटॉप चालू झाला, म्हणजे त्या कामाच्या नसणार.

"अँटेना काढून पूजा केली तुम्ही त्याची!" पण या वेळी ते हसले नाहीत. दोन्ही तारांची टोकं वायफायच्या पट्टीवर बोटानं दाबून बसवली. टिक. टिक. "मंगळवारीच पाहायला पाहिजे होतं मी. चुकलं माझं."

चूक माझी, आणि माफी त्यांनी मागावी. मला तोंड वर करवेना.

घरात येऊन कागदावरची दुसरी ओळ टाकली. उणे बावन्न. मग चाचणीची लिंक उघडली. ही चाचणी आता उपलब्ध नाही, असं लिहिलेलं पान क्षणात आलं, एकदाही न अडखळता.