स्कूटर भाकरीत गेली

समस्त भाकरी खाणाऱ्या जनतेस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, देशात उदारीकरण आले ते सर्वप्रथम मांजरसुंब्याच्या फाट्यावर, आमच्या शेजारच्या भांड्यांच्या दुकानात. ते आणलं इंजिनिअर अप्पांनी. अप्पा इंजिनिअर नव्हते, शाळेशी त्यांचं लहानपणीच बिनसलं होतं. पण गिऱ्हाइकाला पातेलं देण्याआधी पातेल्यात काय सुधारणा हवी ते समजावून सांगायची त्यांना खोड, म्हणून गावानं ही पदवी बहाल केली होती. पातेलं मात्र लोक समोरच्या दुकानातून घ्यायचे.

परवाने उठल्याची बातमी रेडिओवर ऐकून अप्पा थेट स्वयंपाकघरात गेले.

"आता कारखान्याला परवाना लागत न्हाई. निस्तं डोस्कं लागतंय."

काकू भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग तुमचं कसं व्हायचं?"

कारखाना ठरला भाकरी थापायच्या यंत्राचा. फाट्यावर ढाबे रांगेनं, आणि प्रत्येक ढाबेवाला थापणाऱ्या बायका मिळत नाहीत म्हणून रडायचा. अप्पा ना बँकेत गेले, ना सासऱ्याकडे. जिला ते लेकरासारखं पुसायचे ती स्कूटर त्यांनी विकली आणि वेल्डिंगवाल्याच्या दारात बस्तान मांडलं. रस्त्यानं पायी जाताना कुणी विचारलंच, "अप्पा, स्कूटर कुठंय?" तर शांतपणे सांगायचे, "भाकरीत गेली."

यंत्र म्हणजे दोन लोखंडी चकत्या आणि जुन्या हापशाचा दांडा. मध्ये गोळा ठेवायचा आणि दांडा दाबायचा. काकूंनी ते दुरूनच न्याहाळलं.

"फुगंल का पर भाकर?"

"आधी निस्ती गोल हू दे. फुगायचं दुसऱ्या मॉडेलात."

"आन् भाजायचं?"

"तिसऱ्यात."

उद्घाटनाला तालुक्याचे साहेब बोलावले होते. मांडव पडला, ढाबेवाले झाडून आले, माईक माझ्या हाती. काकूंनी सकाळीच पीठ मळून ठेवलं, कारण साहेबांची वेळ सकाळची होती. ती वेळ साहेब सोडून सगळ्यांनी पाळली. ऊन डोक्यावर आलं तशा काकू अस्वस्थ झाल्या.

"अवो, जवारीचं पीठ हाय. ते काय सायबाची वाट बघतंय व्हय? करा चालू."

"येडी का काय तू! सायेब आल्याबिगर हात लावला तर लोक काय म्हणतील?"

साहेब दुपार कलल्यावर आले. नारळ फुटला, हार पडले, भाषण झालं. मग साहेबांनी दांडा दाबला. वाळलेल्या गोळ्याच्या चिरफळ्या उडाल्या, एक साहेबांच्या खादीवर जाऊन बसली. त्यांनी दुसरी उचलून तोंडात टाकली आणि आस्थेनं विचारलं, "चव चांगली हाय. ह्याला म्हणायचं काय?"

मांडव हसला. "अप्पा, भाकर न्हाई, चिवडा काढलाव बे!" असं ओरडून ढाबेवाले चपला शोधायला लागले. साहेबांची जीप गेली. अप्पा दांड्याला हात लावून उभे होते. स्कूटर विकली त्या दिवशीसुद्धा त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता.

पुढं यंत्र एकही खपलं नाही. पहिलं आणि शेवटचं ते काकूंच्या ओट्यावर आहे. अप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी काकू भाकरी त्यावरच करतात. "हात दुखतेत" म्हणतात. साफ खोटं. त्याच हातांनी परवा त्यांनी माझ्या देखत बोअरचा अडकलेला व्हॉल्व्ह फिरवला.

पण हे नंतरचं. त्या दुपारी मांडव रिकामा होत असताना काकू उठल्या. गरम पाण्यात ताजं पीठ मळलं, गोळा चकत्यांमध्ये ठेवला, नवऱ्याचा हात बाजूला करून दांडा दाबला. भाकरी निघाली, चंद्रासारखी गोल. स्वतःच आणलेल्या चुलीवर त्यांनी ती तव्यात टाकली, उलटली आणि निखाऱ्याशी टेकवली.

अप्पा वाकून बघत होते. माईक बंद करायचं मी विसरलो होतो, त्यामुळे पार हायवेपर्यंत पोचलेल्या ढाबेवाल्यांनाही ऐकू गेलं:

"आगं आगं, ही तर पहिल्याच मॉडेलात फुगली की!"