कंपनीचा पट्टा

आठवडे बाजारात घड्याळाचे पट्टे बसवता बसवता माझं वय झालं. मालक, म्हणजे माझा नवरा, घड्याळात सेल टाकतात आणि गिऱ्हाइकाशी बोलतात. पट्टा बसवायचं काम माझ्याकडं, कारण बारीक पिन त्यांना आता दिसत नाही. माझेही डोळे फार चांगले आहेत असं नाही, पण कुणीतरी करायलाच हवं. सकाळपासून गुडघे दुमडून बसायचं. समोर आलेलं मनगट बघायचं, पिन ठोकून काढायची, जास्तीच्या कड्या बाजूला ठेवायच्या. माणसाच्या तोंडाकडं बघायची वेळ येत नाही, ते मला बरं वाटतं. चारचौघांत बोलायला मी लहानपणापासून बिचकते.

गिऱ्हाईक एकच विचारतं, "कंपनीचा हाय का?"

मालक म्हणतात, "कंपनीचाच."

कुठली कंपनी, ते त्यांनाही माहीत नाही. माल नगरहून येतो. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. व्यापाऱ्यानं एकाच पोत्यातून पट्टे उपसले आणि हे जपानी, हे चीनचे, हे दिल्लीचे म्हणत आमच्यासमोर तीन ढीग केले. मी तिन्ही ढिगांतले पट्टे हातात घेऊन बघितले. सगळे सारखेच हलके, हलवले की खुळखुळणारे. चांगल्या पट्ट्याची कडी भरीव असते. ह्यांची कडी पत्रा दुमडून केलेली, आतून पोकळ. तिच्यात हातावरचे केस अडकतात. सोनेरी असेल तर घामानं रंग जातो. येताना मी मालकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "तुला काय करायचंय? बाजारात भरीव कोण मागतंय? लोक चकाकी मागत्यात." तेही खोटं नव्हतं.

मागच्या लग्नसराईत काष्टीच्या बाजारात एक जण आला. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होता. मुलीचं लग्न ठरलेलं. जावयाला द्यायला त्यानं नगरच्या मोठ्या दुकानातून घड्याळ आणलं होतं, चामड्याच्या पट्ट्याचं.

"दादा, हे चामडं काढा आन् साखळी घाला," तो मालकांना म्हणाला. "सत्यनारायणाला बसायचंय त्यांना. देवापुढं हातात चामडं बरं दिसतं का?"

असे पुष्कळ येतात. चांगल्या घड्याळाचा चांगला पट्टा देवाधर्मासाठी काढतात आणि आमची साखळी घालून नेतात. काढलेला पट्टा बहुतेक जण आमच्याकडंच टाकून जातात. मालक तो बिस्किटाच्या डब्यात ठेवतात.

त्यानं सोनेरी साखळी निवडली. नेहमीचं विचारलं, मालकांनी नेहमीचं सांगितलं. जावयाच्या मापासाठी त्यानं स्वतःचं मनगट पुढं केलं आणि मला म्हणाला, "ह्याच्यापेक्षा जरा जाड धरा, ताई." ते म्हणताना तो हसला होता.

लग्न झाल्यावर महिनाभरानं तो परत आला, तेव्हा त्याला ओळखायला मला वेळ लागला.

साखळीचा रंग गेला होता. जावयाच्या मनगटावर हिरवट डाग पडला होता. विहीणबाई आल्यागेल्याला तो डाग दाखवत होत्या आणि व्याह्यानं खोटं घड्याळ गळ्यात मारलं म्हणून सांगत होत्या. ह्यानं पावती नेऊन दाखवली, तर त्या म्हणाल्या, पावती काय, कुणी बी छापून देतं.

"माझं सोडा," तो म्हणाला. "पोरगीला रोज ऐकावं लागतंय. फोन केला तर नुसती 'बरंय' म्हणती. दुसरं कायबी बोलत न्हाई. पुढच्या बाजारी त्यांना घेऊन येतो. 'घड्याळ खरं हाय, पट्टा आमचा व्हता', एवढंच सांगा."

मालकांनी पेचकस पुसून ठेवला. मग म्हणाले, "माझा पट्टा खोटा हाय म्हणून भर बाजारात मीच सांगू? उद्या हितं कोण उभं राहील?"

तो गेला. मालकांचं चुकलं असं मला म्हणता येईना. आमच्याकडं दुसरं पोट भरायचं साधन नाही. पण त्या मुलीचं 'बरंय' माझ्या डोक्यातून जाईना. सासरी गेल्यावर मीही कितीतरी वर्षं तेवढंच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी भाकरी झाल्यावर मी बिस्किटाचा डबा पालथा केला. त्या जावयाच्या घड्याळाचा चामड्याचा पट्टा सापडला, पण त्याचं बकल नव्हतं. मालकांनी ते काढून दुसऱ्या कुणाच्या तरी पट्ट्याला लावलं असणार. आतल्या बाजूला इंग्रजी नाव ठसवलेलं होतं. मी चौथीपर्यंत शिकले, इंग्रजी मला वाचता येत नाही. पण साखळी बसवताना घड्याळाच्या तबकडीवर हीच अक्षरं बघितल्याचं आठवत होतं. शेवटचं अक्षर दोन्हीकडं शेपटीसारखं खाली वळलेलं. पट्टा मी माझ्या पिशवीत टाकला. मालकांना बोलले नाही.

पुढच्या बाजारी ते आले. पुढं विहीणबाई, त्यांच्यामागं मुलगा आणि सून, आणि सगळ्यांत शेवटी मुलीचा बाप.

"हेच का ते? दाव रं ह्यांना मनगट," विहीणबाई म्हणाल्या.

मुलगा लाजला होता. त्यानं हात पुढं केला.

मालक म्हणाले, "घामात मीठ आसलं का रंग जातो. एकेकाचं अंगच तसं आसतं."

"म्हंजी खोट माझ्या पोराच्या अंगात व्हय?"

शेजारचा बांगडीवाला मोठ्यानं हसला. दोन-चार लोक जमले. मुलीचा बाप माझ्याकडं बघत होता. मुलगी खाली बघत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

मी म्हणाले, "घड्याळ खरं हाय. पट्टा आमचा हाय."

"काय म्हनली? मोठ्यानं बोल की बाई, नवी नवरी हायेस का?" विहीणबाई म्हणाल्या.

मग मी परत म्हणाले, मोठ्यानं. पिशवीतून चामड्याचा पट्टा काढून मुलाच्या हातात दिला. "हा ह्याच्यासंगं आला व्हता. नाव बघा."

त्यानं पट्टा तबकडीशेजारी धरला. "आई, एकच नाव हाय. त्यांचं खरं हाय."

विहीणबाईंनी पट्टा घेतला, उलटा केला, सुलटा केला. "मग हा काढला कशाला?"

"पूजेला बसायचं व्हतं ना," बाप म्हणाला. "चामडं नको म्हणून."

"आवो, आमच्या ह्यांच्या हातात जल्मभर चामड्याचाच पट्टा व्हता. देवानं काय हाकललं न्हाई त्यांना."

मालकांनी डब्यातून एक बकल शोधून माझ्याकडं सरकवलं, माझ्याकडं न बघता. मी ते बसवलं, साखळी काढली आणि चामड्याचा पट्टा घड्याळाला घातला. मुलानं घड्याळ हातात बांधलं. डाग पट्ट्याखाली गेला.

मुलगी हळूच म्हणाली, "आप्पा, च्या घेता का?"

"हितं कशाला?" विहीणबाई म्हणाल्या. "घरी येतील की. चला, व्याही."

ते गेले. जाताना मुलगी बापाच्या बरोबरीनं चालत होती. आमच्याकडं कुणी वळून बघितलं नाही, आणि बघावं असं मलाही वाटत नव्हतं. त्या दिवशी नंतर आमचा एकही पट्टा गेला नाही.

परत येताना टेम्पोत मालक एकच बोलले, "आता तूच बोलत जा."

पुढच्या बाजारी एकानं सोनेरी साखळी उचलली आणि विचारलं, "कंपनीचा हाय का?"

मालक म्हणाले, "हिला इचारा."

मी म्हणाले, "न्हाई. कुठला हाय ते आमालाच म्हाईत न्हाई. रंग जाईल."

"किती दिसांनी?"

"घामावर हाय."

त्यानं साखळी उन्हात धरून बघितली. "हळदीपास्नं पूजेपर्यंत टिकंल ना? मग बास झालं. बसवा."

मी त्याचं मनगट बघितलं आणि कड्या काढायला घेतल्या.