शेवटचं वाक्य मोठ्याने

नाटक कंपनीत सगळे तिला कुजबुजताई म्हणत. ती प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी, आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं. टाळ्या नटाला, डास हिला. उभ्या जन्मात तिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचला नाही, आणि त्याचा राग म्हातारपणीही गेला नव्हता.

हृदय थकलंय असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती रडली-बिडली नाही. उद्या कोसळले तर नळ्या नकोत, यंत्रं नकोत, घरी खिडकीजवळच्या खाटेवर न्या, असं तिनं तोंडावर सांगून टाकलं. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "आजी, मी ऐकलं. पण तुमची शुद्ध गेली की घरच्यांना विचारावं लागतं. ते काय म्हणतील?"

खरी मेख इथेच होती. घर मुलगा आणि मुलीत सारखं वाटून झालं होतं, दागिने नातीसाठी काढून ठेवले होते. भांडायला तिनं कुणाला जागाच ठेवली नव्हती. पण हा नकार कुणाच्या हवाली करायचा? ऐनवेळी भल्याभल्यांची दातखीळ बसते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक!

म्हणून एका रविवारी तिनं सगळ्यांना जमवलं आणि चक्क तालीम लावली. जावयाला डॉक्टर केलं आणि स्वतः खाटेवर डोळे मिटून पडली.

"यंत्रावर ठेवायचं का?" जावयानं घसा खाकरून विचारलं.

"वाट्टेल ते करा, पण माझ्या आईला वाचवा!" मुलगा म्हणाला.

"थांब!" मरणपंथाला लागलेली बाई ताडकन उठून बसली. "हे दुसऱ्याच नाटकातलं वाक्य आहे."

मग मुलीची पाळी. तिनं जो हंबरडा फोडला तो पाणी पाजून थांबवावा लागला.

"आई, पुरे हे अभद्र," मुलगा चिडला. "जिवंतपणी कसली मरणाची तालीम?"

"मग काय मेल्यावर घेऊ? मरण माझं, आणि त्यात मीच गप्प बसायचं होय रे?"

दाराशी सून हाताची घडी घालून उभी होती. सासू-सुनेचा पहिल्या दिवसापासून छत्तीसचा आकडा. सासूनं पडदे निळे म्हटले की सून हिरवे आणणार. म्हातारीनं तिच्याकडे बोट केलं.

"ही सांगेल."

"ही?" बहीण-भाऊ एकदमच ओरडले.

"आजवर माझ्या एका शब्दाला हो म्हणाली नाही ती. नाही म्हणण्यात तिचा हात कोण धरणार? तुमचा जीव आहे माझ्यावर, तुमच्याने व्हायचं नाही."

"आणि माझा नाही, असंच ना?" सून फणकारली. पण पुढे आली.

जावयानं पुन्हा विचारलं. सुनेनं तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. डोळे भरून आले. जो शब्द कायम जिभेवर असायचा, तोच आज येईना.

म्हातारी बघतच राहिली. इतक्या वर्षांत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. मग तिनं डोळे मिटले आणि जुन्या सवयीनं कुजबुजली, "नाही. घरी नेणार."

"नाही," सून कशीबशी म्हणाली. "घरी नेणार."

"मोठ्याने. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजले मी. हे माझं आहे. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे."

त्यानंतर दर रविवारी तालीम झाली. मुलगा कुरकुरत का होईना, बसायला लागला.

थंडी सरता सरता म्हातारी स्वयंपाकघरात कोसळली. हॉस्पिटलात तेच डॉक्टर बाहेर आले. यंत्रावर ठेवलं तर थोडे दिवस निघतील, पण शुद्ध आली तरी त्या बऱ्या व्हायच्या नाहीत, म्हणाले. मुलाच्या ओठांवर ते दुसऱ्या नाटकातलं वाक्य आलंच होतं. सुनेनं सवयीनं मागे वळून पाहिलं. पुरवायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, खिडकीजवळच्या खाटेवर, म्हातारीनं डोळे किलकिले केले. निळ्या पडद्यांकडे पाहिलं. ते कधी बदलले कोण जाणे. हात सुनेच्या हातात होता.

"म्हणालीस?"

"म्हणाले."

"मोठ्याने?"

सुनेनं नाक पुसलं. "नर्स धावत आली, हळू बोला म्हणून ओरडायला."